शिवलेल्या अंकांची किंमत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या कॉमिक्सच्या किमतींवर आलेला लेख वाचला. माळ्यावरच्या ट्रंका खाली काढा, घबाड निघेल, असा त्याचा एकंदर सूर. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा अवतरला तो 1938 सालचा दहा सेंटचा अंक 2024 च्या एप्रिलमध्ये लिलावात 60 लाख डॉलरला गेला, ही माहिती खरी आहे, तिला माझी हरकत नाही. हरकत आहे ती लेखाच्या तळाशी दिलेल्या चौकटीला. पिना मूळच्या हव्यात, कडा कापलेल्या नसाव्यात, आत कुणाचं नाव नसावं, आणि अंकांचं बाइंडिंग केलेलं असेल तर किंमत शून्य समजावी, असं तिथं छापलंय.

मी शहापुरात पुस्तकबांधणीचं काम करतो. वडीलही तेच करायचे. वकिलांच्या फायली, दुकानदारांच्या रोजमेळाच्या वह्या, वाचनालयांची फाटकी पुस्तकं, पोथ्या, आणि एके काळी ढिगांनी कॉमिक्स. तेव्हा ही चौकट माझ्या धंद्यावरच आहे असं समजून लिहितो. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर कात्री लावा, खरं मधल्या भागाला लावू नका.

'इंद्रजाल' कॉमिक्सचे अंक टाइम्स ऑफ इंडियाने 1964 च्या मार्चमध्ये सुरू केले आणि 1990 मध्ये बंद केले, हे आपल्या लेखात आहेच. त्यात नसलेली गोष्ट अशी की आमच्या बाजूला हे अंक विकत घेणारे थोडे आणि भाड्याने वाचणारे फार. गल्लीगल्लीत कुणीतरी ओट्यावर दोरी बांधून अंक लटकवायचा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रोजाच्या भाड्याने द्यायचा. दोन पिनांवर तग धरणारा अंक तो. पंधरा पोरांच्या हातातून गेला की कव्हर वेगळं, मधलं पान वेगळं. मग हे भाडेवाले पाच-सहा अंक एकत्र घेऊन आमच्याकडे यायचे.

पिना काढायच्या, कारण पहिल्या पावसाळ्यात त्या गंजतात आणि गंज कागद खातो. प्रत्येक अंक घडीतून सुईने शिवायचा. आडवी शिवण मारली तर काम अर्ध्या वेळात होतं, पण मग पुस्तक नीट उघडत नाही आणि आतल्या बाजूचे संवादांचे फुगे शिवणीत जातात. चित्रकथेत फुगा गेला म्हणजे गोष्टच गेली. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे कसर आणि झुरळं लांब राहतात. वर पुठ्ठा, पाठीला रेक्झिन. 'इंद्रजाल'चे नायक वेताळ आणि बहादूर यांच्या अशा जाड वह्या बेळगावात, खानापुरात, निपाणीपर्यंत अजून लोकांच्या घरी सापडतात. सुटे अंक मात्र दिसत नाहीत, कारण ते केव्हाच भेळेखाली गेले. म्हणजे जे वाचलं ते शिवल्यामुळे वाचलं, आणि आता तेच शून्य किमतीचं म्हणायचं.

आता माझ्याजवळच्या एका वहीबद्दल सांगतो. ती मराठी नाही. तिच्यात अमेरिकेतल्या 'ॲव्हेंजर्स' या वीरांच्या टोळीवरच्या मासिकाचे 89 ते 97 क्रमांकाचे अंक आहेत, जून 1971 ते मार्च 1972 या काळातले. कॅम्पातले एक मेजरसाहेब वडिलांच्या वेळी हे अंक शिवायला देऊन गेले होते. त्यांना हे कुठून मिळाले, हे विचारायची तेव्हा कुणाची छाती नव्हती. नंतर त्यांची बदली झाली, निरोप आला की वही तुमच्या पोरांना ठेवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर गावात असल्यामुळे असे येणारे-जाणारे पुष्कळ, आणि त्यांच्या सामानातून उतरलेली पुस्तकंही पुष्कळ. कॅम्पाच्या बाजूच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात गावाने कधी न बघितलेल्या देशांची मासिकं निघायची.

या नऊ अंकांना संग्राहक लोक 'क्री-स्क्रल युद्ध' म्हणतात आणि त्यातल्या काही अंकांसाठी चांगले पैसे मोजतात. लेखन रॉय थॉमस यांचं. सुरुवातीची चित्रं सॅल ब्युसेमा यांची, 93 ते 96 नील ॲडम्स यांची, शेवटचा अंक जॉन ब्युसेमा यांचा. चित्रकार बदलला हे नाव न वाचताही कळतं. 93 पासून चौकटी तिरक्या होतात, माणसं चौकटीच्या बाहेर झुकतात, अंगावर सावल्या पडायला लागतात. बांधणीवाल्याला आणखी एक गोष्ट दिसते ती म्हणजे जाडी. पहिले चार अंक 15 सेंटचे. 93 वा एकदम 25 सेंटचा आणि कव्हर धरून 52 पानांचा. 94 पासून पुन्हा बारीक, आणि किंमत मात्र 20 सेंट. कंपनीने एक महिना जाड अंक देऊन भाव वाढवला, मग पानं कमी केली आणि भाव थोडासाच उतरवला. व्यापार कुठल्याही ग्रहावर सारखाच.

गोष्ट थोडक्यात अशी. अंतराळात दोन साम्राज्यं. क्री हे शिपाईगडी, शिस्तीचे, कायद्याच्या नावाखाली चिरडणारे. त्यांच्यात निळ्या कातडीचे आणि आपल्यासारख्या कातडीचे असे दोन भेद, आणि निळे स्वतःला अस्सल समजतात. स्क्रल हे हिरवे, हनुवटीवर वळ्या असलेले, आणि पाहिजे त्याचं रूप घेणारे. या दोघांचं वैर जुनं. पृथ्वी दोघांच्या वाटेवरचं नाकं, म्हणून दोघांनाही हवी. पृथ्वीवरच्या माणसांचं काय करायचं याबद्दल दोघांचं मत साधारण एकच. क्रींचा रोनान नावाचा न्यायाधीश-सेनापती आपल्याच राज्यकर्त्याला बाजूला सारून गादी बळकावतो आणि पृथ्वीवरची उत्क्रांती उलटी फिरवून माणसाला पुन्हा गुहेत धाडायचा घाट घालतो. स्क्रलांचा एक वीर तर चार-चार माणसांच्या शक्ती एकट्याच्या अंगात घेऊन येतो.

यांच्या मधोमध मार-व्हेल नावाचा क्री सैनिक. तो हेरगिरीला म्हणून पृथ्वीवर आलेला, आणि इथल्या माणसांच्या बाजूने उभा राहिल्यामुळे आपल्या लोकांत फितूर ठरलेला. इथले लोकही त्याला आपला म्हणायला तयार नाहीत. त्याला एक भयंकर यंत्र बनवायची विद्या येते आणि स्क्रलांना ती पाहिजे. एकजण ओळखीच्या बाईचं रूप घेऊन त्याच्याकडून ते काढून घेऊ बघतो. मार-व्हेलला खूण पटते आणि तो यंत्रच फोडून टाकतो. आमच्या गल्लीतल्या पोरांना हा भाग समजावताना मी कचाची गोष्ट सांगायचो. देव आणि दानव दोघांनाही संजीवनी पाहिजे, आणि मधे एका पोराची राख करून दारूत कालवली जाते. पोरांना लगेच कळायचं. परग्रहावरचं वैर समजायला त्यांना विज्ञान कधी लागलं नाही, पुराण पुरलं.

विज्ञानही आहे, नाही असं नाही. क्रींचं राज्य मोठा मॅजेलनी मेघ नावाच्या शेजारच्या दीर्घिकेत (गॅलेक्सीत), म्हणजे सुमारे 1 लाख 60 हजार प्रकाशवर्षांवर. स्क्रलांचं देवयानी दीर्घिकेत, सुमारे 25 लाख प्रकाशवर्षांवर. यातली देवयानी आपल्याकडून नुसत्या डोळ्यांनी दिसते. मार्गशीर्षात रात्री राकसकोपच्या बाजूला अंधारात गेलात तर डोक्यावरून जरा उत्तरेकडे पुसट धुरकट डाग दिसेल. मॅजेलनी मेघ मात्र आपल्या अक्षांशावरून दक्षिण क्षितिजाला इतका चिकटून जातो की तिथल्या धुरळ्यात तो हाती लागत नाही. पोरांना मी सांगायचो, स्क्रल आपल्याला दिसतात, क्री दिसत नाहीत. त्यावर एकाने विचारलेलं, मग ते आपल्याला बघतात तेव्हा 25 लाख वर्षांपूर्वीचं बेळगाव बघतात काय? त्याला मी बक्षीस म्हणून कुंदा दिला होता. तो पोरगा पुढे इंजिनिअर झाला, आता पुण्यात असतो.

आणि गायी! त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्क्रल पहिल्यांदा आले ते 1962 सालच्या 'फॅन्टास्टिक फोर'च्या दुसऱ्या अंकात. तिथं त्यांचा पराभव केल्यावर त्यांना गायीचं रूप घ्यायला लावून, भुलवून, कुरणात चरायला सोडलेलं. नऊ वर्षांनी, आमच्या 93 व्या अंकात, त्या गायी परत येतात. ज्याने कुणी ही कल्पना काढली त्याने आमच्याकडची जनावरं पाहिलेली नव्हती. शहापुरात रस्त्याच्या मधोमध बसलेल्या गायीकडे पोरं कितीतरी दिवस संशयाने बघायची, आणि हॉर्न वाजवला तरी ती हलत नाही याचं कारण त्यांना आता ठाऊक झालेलं होतं.

सगळ्यांत चांगला अंक माझ्या मते 92 वा. त्यात फार मारामारी नाही. परग्रहावरचे लोक आपल्यात लपलेत अशी बातमी फुटते आणि क्रॅडॉक नावाचा पुढारी एक चौकशी कमिशन घेऊन बसतो. कोण परका, कोणाला कोण ओळखतं, कोण कोणाच्या घरी जेवलं, हे विचारायला सुरुवात होते. रस्त्यावरचे लोक दगड उचलतात. ज्या ॲव्हेंजर्सनी त्यांना वाचवलं त्यांच्याच दारावर ते चालून जातात. अमेरिकेत 1950 च्या दशकात मॅकार्थी नावाच्या सिनेटरने कम्युनिस्ट शोधायच्या नावाखाली असाच धुमाकूळ घातला होता, त्याची सावली या अंकावर आहे. शेवटी निघतं काय, तर क्रॅडॉक हाच वेश पालटून आलेला स्क्रल. परके हुडकणाराच परका.

कमिशन म्हटलं की आमच्या भागात माणूस सावरून बसतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर 1966 साली नेमलेल्या महाजन कमिशनचा अहवाल 1967 मध्ये आला, तो घराघरात अजून पाठ आहे. त्यामुळे दोन सत्ता वर भांडतायत आणि खालच्यांना कुणी विचारत नाही, ही गोष्ट ऐकली की कुणीतरी हमखास म्हणतं, मामा, ही तर आपलीच गोष्ट. मी ती उपमा चालू देत नाही. आपला दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, मेळावे होतात, दर 17 जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होतं, आणि त्या बाबतीत मी कुठल्या बाजूचा हे माझ्या ओळखीच्यांना सांगायला नको. पण क्री आणि स्क्रल एका बाजारात भाजी घेत नाहीत. मला पुठ्ठा देणारा दुकानदार कन्नड बोलतो, शिवणीला बसणारे चाचा उर्दू बोलतात, मी दोघांशी मोडकंतोडकं दोन्ही बोलतो आणि संध्याकाळी हिशेब जुळतो. तेव्हा आपल्या भांडणाला अंतराळात नेऊन ठेवायचं कारण नाही. 92 वा अंक मात्र दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी जरूर वाचावा. वही माझ्याकडे मिळेल.

आता रंगाबद्दल, कारण छपाईवाल्यांच्या शेजारी आयुष्य गेल्यावर रंगाबद्दल न बोलता राहता येत नाही. तेव्हाची बहुतेक अमेरिकी कॉमिक्स इलिनॉय राज्यातल्या स्पार्टा नावाच्या लहान गावातल्या एका मोठ्या छापखान्यात छापली जायची. शाई चारच. पिवळी, लाल, निळी आणि काळी. काळी रेघांना आणि अक्षरांना. बाकीच्या तिन्हींपैकी प्रत्येक एकतर नाही, नाहीतर पाव भरण्याइतके ठिपके, नाहीतर अर्ध्याइतके, नाहीतर भरीव. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे 64 छटा, बस. त्यातच सूर्यास्त, त्यातच रक्त, त्यातच अंतराळ. भिंग घेऊन बघितलं तर निळ्या क्रीचं तोंड निळ्या शाईचं, आणि स्क्रलचं हिरवं तोंड त्याच निळ्या शाईवर पिवळी पडून झालेलं. छापताना रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, जरा हललं की स्क्रलच्या गालाच्या एका बाजूला पिवळी आणि दुसऱ्या बाजूला निळी किनार दिसते. दोन्ही साम्राज्यं एकाच डब्यातून निघालेली. हे पाहायला अंक हातात घ्यावा लागतो, नाकाजवळ आणावा लागतो.

इथे मी आपल्या लेखाच्या मुद्द्यावर येतो. अमेरिकेत 2000 सालापासून अंकांना दहापैकी गुण देऊन ते कडक पारदर्शक पेटीत बंद करायची पद्धत पडली आहे. पेटी फोडली की गुण गेले. म्हणजे अंक विकत घेणाऱ्याने तो वाचायचा नाही अशी सोय. वर कव्हर दिसतं, आत काय आहे ते मालकालाही दिसत नाही. बरं, याने कागद अमर होतो म्हणावं तर तेही नाही. हा कागद लाकडाच्या लगद्याचा, स्वस्त, वर्तमानपत्राच्या जातीचा. त्याच्या पोटातच आम्ल तयार होतं, त्यानेच तो पिवळा पडतो आणि कुडकुडीत होतो. पेटीत घातला तरी आम्ल त्याच्याबरोबर पेटीतच राहतं. उजेड, ऊब आणि दमट हवा यांपासून जपलं तर कागद जास्त टिकतो, आणि ते काम बंद कपाटही करतं. बेळगावात जून ते सप्टेंबर भिंतींना पाझर फुटतात, तिथं वही दर उन्हाळ्यात उघडून, पानं चाळून, वारं दाखवून ठेवावी लागते. वाचणं हा जपण्याचाच भाग आहे.

माझ्या वहीत प्रत्येक अंकानंतर एक कोरा जाड कागद शिवलेला आहे. वडिलांनी तो घातला तो एका अंकाचं कव्हर दुसऱ्याला चिकटू नये म्हणून. तेव्हा आमच्याकडे पुस्तकं शिवायला देणारे एक हायस्कूलचे मास्तर होते. त्यांनी वही बसून वाचली आणि त्या कोऱ्या पानांवर बोरूच्या वळणाच्या अक्षरात प्रत्येक अंकाची गोष्ट मराठीत लिहून काढली. ती भाषा बघण्यासारखी आहे. स्क्रलांचा सम्राट त्यात 'महाराज' आहे, रोनान 'फौजदार', आणि जिथं लढाईची चित्रं पानभर आहेत तिथं मास्तरांनी नुसतं लिहिलंय, 'तुंबळ.' त्याखाली पुढच्या पिढीतल्या पोरांच्या पेन्सिली. कुणी गुण दिलेत, कुणी गायीला चष्मा काढलाय. एका पानावरचं जाहिरातीचं कूपन मेजरसाहेबांच्या मुलाने आधीच कापलेलं, त्यामुळे मागच्या चित्रात रॉकेटचं शेपूट गायब. संग्राहकाच्या हिशेबाने हे सगळं नुकसान. मला विचाराल तर हे नऊ अंक अमेरिकेत हजारो मिळतील, मास्तरांचं 'तुंबळ' एकाच वहीत आहे.

आपला लेख छापून आल्यावर दोनच दिवसांत एक गृहस्थ गाडी घेऊन आले. कुठून, ते सांगत नाही. बोलायला गोड. "मामा, बाइंडिंग हाय म्हणून घेत नाही बघा. खरं 93 चा अंक तेवढा शिवण उसवून काढून दिला तर बघू काय ते." कडा आम्ही सुताएवढ्याच कापलेल्या, त्यामुळे पट्टी लावून बघितल्याशिवाय कळत नाहीत, आणि कुणी पट्टी लावत नाही, असंही म्हणाले. म्हणजे कापलेला अंक न कापलेला म्हणून खपवायचा. मी चहा पाजला आणि वाट दाखवली. मला त्यांचा राग आला नाही, धंदा आहे. राग आला तो याचा की जाताना त्यांच्या गाडीत मराठी वेताळाच्या तीन शिवलेल्या वह्या पडलेल्या मी पाहिल्या, शिवण आधीच उसवलेल्या. चांगले दिसणारे दोन-चार अंक काढून घेणार, उरलेले रद्दीत. त्या वह्यांची पाठ आमच्या हातची होती. वडील रेक्झिनवर शिक्क्याऐवजी दाभणाने एक छोटी फुली मारायचे, ती ओळखता आली.

मराठी वह्यांचं मला जास्त वाटतं, आणि त्याचं कारण घरात आहे. माझी नात इंग्रजी माध्यमात जाते. शाळेत कन्नड शिकते, चांगलं बोलते, त्याचा मला आनंदच आहे. मराठी घरात बोलते, पण वाचताना अडखळते. जाड पुस्तक दिलं की दोन ओळींत ठेवून देते. वेताळाची वही दिली तर वाचते. फुग्यात पाच-सहा शब्द असतात, पुढे काय झालं ते चित्रात दिसत असतं, एखादा जोडाक्षराचा शब्द अडला तरी गोष्ट थांबत नाही. फ्लॅश गॉर्डनच्या एका अंकात तिने 'दुष्ट सम्राट' हे दोन शब्द इतक्या वेळा वाचले की आता घरात आजीला तीच पदवी आहे. सीमाभागात मराठी टिकावी म्हणून आपण ठराव करतो, फलकांसाठी झगडतो, करायलाच पाहिजे. आणि त्याच वेळी पोरांनी खरोखर उघडावं असं जे घरात पडलंय ते शून्य किमतीचं म्हणून रद्दीत घालायचं, हे मला पटत नाही.

क्री-स्क्रल युद्धाचा शेवट कसा होतो तो ऐकण्यासारखा आहे. 97 व्या अंकात दोन्ही आरमारं समोरासमोर, पृथ्वीचा चुराडा ठरलेला, आणि मोठमोठे वीर हतबल. तेव्हा युद्ध थांबतं ते रिक जोन्स नावाच्या एका साध्या पोरामुळे. त्याच्या डोक्यातली सुप्त शक्ती जागी होते आणि त्यातून कोण बाहेर पडतात, तर त्याने लहानपणी वाचलेल्या 1940 च्या सुमाराच्या जुन्या कॉमिक्समधले नायक. विसरलेले, बंद पडलेल्या मासिकांतले. ते लढतात, आणि मग दोन्ही साम्राज्यांची सैन्यं जागच्या जागी थिजतात. लेखकाने हे लिहिलं तेव्हा अंकांच्या पेट्या आणि गुण कुठंच नव्हते. त्या पोराने ते अंक नुसते बघायला ठेवले असते तर पृथ्वी गेली असती.

तेव्हा माझं मागणं असं. त्या चौकटीची दुरुस्ती छापा. बाइंडिंग केलेल्या अंकांना लिलावात भाव नसतो, एवढंच लिहा, ते खरं आहे. किंमत नसते असं लिहू नका. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून शिवण उसवू नये. विकायच्याच असतील तर अख्ख्या विका. ठेवायला जागा नसेल तर जवळच्या वाचनालयाला द्या, आणि वाचनालयांनीही त्या संदर्भ विभागाच्या कुलपात न घालता मुलांच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवाव्यात. फाटतील, मग फाटू देत, शिवायला आम्ही आहोत. पूर्वी बेळगावच्या वाचनालयांत दुपारी मुलांची गर्दी व्हायची ती कथाकादंबऱ्यांसाठी नव्हती, हे तेव्हाच्या कुठल्याही ग्रंथपालाला विचारा.

आपल्या पुरवणीत आठवड्याला अर्धं पान मराठी चित्रकथा सुरू करता आली तर बघा. आपल्याकडे चित्रं काढणारी पोरं आहेत, गणपतीत गल्लीगल्लीतले देखावे कोण रंगवतं? परग्रहावरची पाहिजे असेल तर गोष्ट मी देतो, गायी आपल्याकडच्याच घेऊ.

आणि सीमाभागातल्या कुणाकडे जुन्या मराठी कॉमिक्सची शिवण सुटलेली वही असेल तर ती माझ्याकडे आणावी. मजुरी घेणार नाही, सामानाचे काय होतील ते द्यावेत. मुखपृष्ठ हरवलं असेल तरी चालेल, पानांचा क्रम चुकला असेल तर मी लावून देईन, बहुतेक गोष्टी मला पाठ आहेत. दसऱ्यानंतर आणा. पावसाळ्यात खळ वाळत नाही, आणि वाळली असं वाटलं तरी आत ओली राहते.

आपला नेहमीचा वाचक,
एक बुक बाइंडर,
शहापूर, बेळगाव